कीटकांतील शुक्राणुजनन : संप्रेरक व रक्त यांचे संयुक्त नियंत्रण

प्रस्तावना :
पृष्ठवंशी प्राण्यांत शुक्राणूंच्या निर्मितीवर पीयूष ग्रंथीचे नियंत्रण असते. कीटकांत ही ग्रंथी नाही. तसेच रक्तवाहिन्यांचे बंदिस्त जाळे नसल्याने त्यांची इंद्रिये हिमोलिंफ या रक्तद्रवातच बुडालेली असतात. त्यामुळे शुक्राणूंचा विकास संप्रेरकामुळे होतो की रक्तातील एखाद्या घटकामुळे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सुप्तावस्थेतील वृषण :
सेक्रोपिया व सिंथिया या रेशीम पतंगांचे कोष हिवाळाभर सुप्तावस्थेत राहतात. मेंदूतील प्रेरक संप्रेरकाअभावी पूर्ववक्षीय ग्रंथी निष्क्रिय असतात, एकडायसोन स्रवत नाही आणि वृषणातील पेशींचे अर्धसूत्री विभाजन पूर्ण होत नाही.

१९५३ मध्ये श्मिट व कॅरोल विल्यम्स यांनी जननपेशींच्या पुटी वृषणाबाहेर काढून रक्तद्रवाच्या थेंबात वाढविल्या. सुप्त कोषाच्या रक्तात त्या तशाच राहिल्या. मात्र विकसनशील कोषाच्या रक्तात त्यांपासून शुक्राणू तयार होऊ लागले. रक्तातील या कार्यकारी द्रव्यास ‘महारेणवीय घटक’ म्हटले गेले.

संप्रेरकाचे नेमके कार्य :
१९७१ मध्ये कॅम्बिसेलिस व विल्यम्स यांनी याचा उलगडा केला. उघड्या पुटींना केवळ हा घटक पुरेसा होता. अखंड वृषणात मात्र एकडायसोनचीही गरज भासली. वृषणाचे आवरण या मोठ्या रेणूस अडविते व एकडायसोन ते पारगम्य करते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे येथे संप्रेरक जननपेशींना थेट आज्ञा देत नाही. ते रक्तातील घटकास आत जाण्याचा मार्ग मोकळा करते.

पुढे १९८० च्या दशकात हेलिओथिस या पतंगाच्या वृषणाचे आवरण स्वतःही एकडायस्टेरॉइडे तयार करते, असे आढळले. वृषण हे केवळ आज्ञाधारक इंद्रिय नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

समारोप :
विदर्भातील टसर रेशीम पतंग सेक्रोपियाच्याच कुलातील असून त्याचे सुप्त कोष पावसाळ्यापर्यंत जपावे लागतात. त्यांतून पतंग अवेळी बाहेर पडल्यास नर-मादीचा मेळ बसत नाही व बीजोत्पादन घटते. सेक्रोपियावरील निष्कर्ष टसरला पडताळणीशिवाय लागू करता येणार नाहीत. परंतु पडताळणी कोठून सुरू करावी, याची दिशा त्यांतून निश्चित मिळते.