अंगणातले झाड आणि शेजाऱ्याची भिंत

घर बांधून झाले त्या वर्षी आम्ही हौसेने गुलमोहर लावला. मे महिन्यात रस्त्याकडेचा लाल बहर पाहिला होता, जूनमध्ये रोप आणले आणि कुंपणाच्या भिंतीपासून चार फुटांवर लावून टाकले. काही वर्षांत झाड बहरू लागले. ईदला आलेले पाहुणे त्याखाली खुर्च्या टाकून बसत.

बारा वर्षांनी शेजारच्या चाचांच्या भिंतीला तडा गेला आणि त्यांच्या अंगणातली फरशी उचलली गेली. चाचा एका शब्दाने बोलले नाहीत. अब्बांनी मात्र ती फरशी पाहिली आणि घरी येऊन म्हणाले, "झाड आपलं, तर नुकसानभरपाईही आपणच द्यायची." आम्ही रीतसर परवानगी काढून झाड तोडले, भिंत दुरुस्त करून दिली. त्या दिवशी घरात कोणालाच जेवण गेले नाही.

दोष गुलमोहराचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. मूळचे मादागास्करचे हे झाड तीस-चाळीस फूट पसरते. मुळे जमिनीलगत दूरवर जातात आणि ठिसूळ फांद्या वादळात मोडतात. मोकळ्या मैदानात ते शोभते, घराच्या अंगणात नाही.

आधी जागा, मग झाड

रोपवाटिकेतले रोप दोन फुटांचे असते. वीस वर्षांनी ते केवढे होईल, हे आधी विचारावे. लहान झाड भिंतीपासून निदान सात-आठ फूट, मोठे वीस फूट दूर हवे. वर विजेच्या तारा आणि खाली सेप्टिक टँक व नळाची पाइपलाइन कुठे आहे, तेही पाहावे.

अंगण लहान असेल तर पारिजातक म्हणजे आपला हरसिंगार उत्तम. रात्री उमललेली फुले फजरपर्यंत जमिनीवर गळून पडतात. पांढरा चाफा फांदीवरूनही रुजतो आणि त्याला पाणीही बेताचेच लागते. डाळिंबाची लालभडक फुले शोभेची आणि फळ घरच्यांसाठी. कुरआनातही या फळाचा उल्लेख आहे.

अंगण मोठे असेल तर बहावा (अमलतास) किंवा ताम्हण लावावे. उन्हाळ्यात बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो, तर महाराष्ट्राचे राज्यफूल असलेले ताम्हण जांभळ्या फुलांनी भरून जाते. बहाव्याची पाने मात्र ऐन उन्हाळ्यात झडलेली असतात. दुपारच्या उन्हापासून घराला सावली हवी असेल तर पश्चिमेला बकुळ म्हणजे मौलसिरी लावावी. ती सावकाश वाढते, पण बारमाही हिरवी असते आणि तिची वाळलेली फुलेही दरवळतात.

घरात लहान मुले असतील तर पिवळी कण्हेर (बिट्टी) टाळावी. तिच्या बिया अतिशय विषारी असतात आणि मुले त्या खेळायला घेतात.

पहिला पाऊस झाला की दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्यावा. माती व कुजलेले शेणखत भरून रोप लावावे आणि काठीचा आधार द्यावा. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नये. वजूचे पाणी साबणाविना असते, ते पन्हाळीने झाडाकडे वळवले तर वाया जात नाही.

दोन शिकवणी

मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले, तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, हे आपण मुलांना शिकवतो. शेजाऱ्याला त्रास देऊ नये, ही पैगंबरांची (स.) ताकीदही शिकवतो. रोप लावताना या दोन्ही गोष्टी सोबत आठवाव्यात. मोठे झालेले झाड तोडणे मनालाही जड जाते आणि महाराष्ट्रात शहरी हद्दीत १९७५च्या कायद्यानुसार त्यासाठी परवानगीही लागते.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही पारिजातक आणला. या वेळी खड्डा खणण्याआधी चाचांना बोलावून जागा दाखवली. त्यांनी पावलांनी अंतर मोजले आणि म्हणाले, "आणखी दोन पावलं आत घ्या." आम्ही घेतली. आता फुलांच्या दिवसांत त्यांच्या नाती टोपली घेऊन आमच्या अंगणात येतात.

यंदा आपण झाड लावणार असाल तर आधी शेजारी जाऊन विचारा.