हंसराजाला खत ऋतू पाहूनच

मालवण : सिंधुदुर्गात पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या विहिरींच्या भिंतींवर उगवणारे हंसराज हे नाजूक नेचे कुंडीत अनेकदा अतिखताने दगावते. उन्हाळ्यात पाने वाळली, की उपासमार समजून खत वाढवले जाते. प्रत्यक्षात तो विश्रांतीचा काळ असतो. त्या वेळी मातीत साचलेले क्षार मुळांचे पाणी तोडतात.

जून ते सप्टेंबर या वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, वेष्टनावरील मात्रेच्या पाव प्रमाणात द्रवखत ओल्या मातीत द्यावे. थंडीत अंतर वाढवावे. पाने वाळू लागताच खत थांबवून माती किंचित ओलसर राखावी. किनाऱ्यालगतचे मचूळ पाणी टाळावे. नवी पालवी फुटल्यावरच पुन्हा खत द्यावे.