वाऱ्यानं उठणारं पित्त

दमा, इसब, सकाळच्या शिंका ‘घरातच आहेत’ असं आपण म्हणतो, त्यामागे बहुधा अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो, हे गेल्या भागात पाहिलं. त्यातलं एखादं जनुक नेमकं पकडणं महाकठीण. पण क्वचित असं घराणं भेटतं, जिथे एकाच जनुकातला दोष आजीकडून मुलाकडे, मुलाकडून नातीकडे सरळ उतरत गेलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या (एनआयएच) संशोधकांना अशी तीन घराणी मिळाली. त्यांत आजार असलेली माणसं होती २७.

गार वारा लागला, पोहून बाहेर आलं किंवा अंगावरचा घाम वाळला, की यांच्या अंगावर पित्त उठायचं, तेही लहानपणापासून. थंडीच्या पित्तासाठी डॉक्टरांची ठरलेली तपासणी म्हणजे हातावर काही मिनिटं बर्फ ठेवायचा आणि गांधी उठते का ते पाहायचं. यांना बर्फानं काहीच होत नव्हतं! मात्र कातडीवरचा थेंब हवेच्या झोतानं वाळवला, की गांधी उठायची. ‘तपासणीत काही नाही’ असा शेरा मिळालेल्या रुग्णाला विचारावं, तुम्हाला नेमकं कधी होतं? बर्फापेक्षा त्याच्या उत्तरातून जास्त कळतं.

याच माणसांपैकी अनेकांना सायनस आणि फुप्फुसांचे संसर्ग वारंवार होत होते, रक्तात प्रतिपिंडं कमी होती. काहींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटली होती. एकीकडे अतिरेक, दुसरीकडे दुबळेपणा. हे दोन वेगळे आजार मानायचा मोह कुणालाही झाला असता. घराण्याच्या वंशावळीनं तो मोडला, कारण दोन्ही गोष्टी त्याच माणसांत होत्या.

वंशावळ मांडताना निरोगी नातलगांचं रक्तही हवंच. आजारी भावंडांत जो गुणसूत्राचा तुकडा समान आहे आणि निरोगी भावंडांत नाही, तोच संशयित. एका घराण्यात असा तुकडा सोळाव्या गुणसूत्रावर सापडला, सुमारे ७० लाख अक्षरांचा. त्यात ‘पीएलसीजी२’ हे जनुक होतं. त्याचा काही भाग गळालेला होता. असा दोष नजरेतून सहज निसटतो, कारण प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात आणि तुकड्यातुकड्यानं वाचताना चांगली प्रत गाळलेली जागा झाकून टाकते. जनुकावरून पेशी जो संदेश उतरवून घेते, तो वाचला की मात्र तुटकी प्रत उघडी पडते.

गळालेला भाग या जनुकावरून बनणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) लगाम होता. लगाम नसल्यानं विकर सतत चालू राहतो, आणि गारवा मिळाला की कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. गंमत अशी, की शरीराच्या नेहमीच्या तापमानाला पेशीच्या आतले संदेश मात्र मंदावतात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी त्यामुळे सुस्त. हा शोध २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजाराला ‘प्लेड’ हे नाव मिळालं. आईवडिलांपैकी एकाकडून आलेली सदोष प्रत पुरते, म्हणून प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के.

टॉवेलनं खसाखसा अंग पुसलं तरी ज्यांना पित्त उठतं, त्या घराण्यांचा आणि २०१६ मध्ये सापडलेल्या त्यांच्या जनुकाचा शोध पुढच्या भागात.