एक दिवस आधी

युद्धाचे सिनेमे बायकांना आवडत नाहीत, असं आमच्या घरी ठरूनच गेलंय. परवा लेकाने '१८९८, लॉस उल्तिमोस दे फिलिपिनास' हा २०१६ चा स्पॅनिश सिनेमा लावला, तेव्हा मी आपली मटार सोलत बसले होते. पण मटार तसेच राहिले!

गोष्ट खरी आहे. फिलिपिन्समधल्या बालेर गावात ३० जून १८९८ च्या रात्री स्थानिक क्रांतिकारकांनी हल्ला केला आणि पन्नासेक स्पॅनिश सैनिक चर्चमध्ये अडकले. तिकडे स्पेनने युद्ध गमावलं. डिसेंबरात पॅरिसच्या तहात दोन कोटी डॉलर्स घेऊन फिलिपिन्स अमेरिकेला देऊनही टाकलं. ज्या साम्राज्यासाठी हे लढत होते, तेच तिथे उरलं नव्हतं. पण चर्चमधला लेफ्टनंट मार्टिन सेरेझो ऐकेल तर शपथ! निरोप आले, वर्तमानपत्रं आली. सगळं खोटं, शत्रूचा डाव, असंच तो म्हणत राहिला.

आत गोळीपेक्षा आजारानेच जास्त माणसं गेली. बेरीबेरीने पाय सुजायचे. ताजी भाजी नाही, धड अन्न नाही. त्यांचा कॅप्टनही त्यातच गेला. शेवटी काही जण जिवावर उदार होऊन बाहेर पडले आणि हिरवा पाला, संत्री घेऊन आले. त्यानंतर आजार ओसरला. मैत्रिणींनो, पालेभाजीला नाकं मुरडणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा!

पटलं कशाने, ठाऊक आहे? वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या दोन ओळींनी. त्याच्या एका मित्राची मालागाला बदली झाल्याची ती बातमी होती. मित्राचा हा बेत त्याला आधीपासून माहीत होता. शत्रूला हे कुठून कळणार? २ जून १८९९ ला, ३३७ दिवसांनी, ते बाहेर आले. आमच्या समुपदेशन केंद्रातही हेच दिसतं. मोठमोठ्या उपदेशाने माणूस हलत नाही. घरातली एखादी साधी आठवण निघते आणि गाठ सुटते.

याच वेढ्यावर १९४५ सालीही स्पेनमध्ये सिनेमा निघाला होता. फ्रँकोच्या राजवटीतला, शौर्याचे गोडवे गाणारा. नवा सिनेमा मात्र विचारतो, हे शौर्य की हट्ट? आणि मला सारखं वाटत होतं, बाहेरचे तर स्वतःच्या देशासाठी लढत होते, आपल्याकडच्या क्रांतिकारकांसारखे. त्यांचे नेते अग्विनाल्डो यांनी या सैनिकांना कैदी नव्हे, मित्र मानून सोडण्याचा हुकूम काढला. मोठं मन म्हणतात ते हे.

लेक एनडीएची तयारी करतोय. म्हणाला, "आई, पण त्याने शपथ तर पाळली ना?"

मी म्हटलं, "पाळली रे. पण पळून जायच्या कटात सापडलेल्या दोन पोरांना त्याने १ जूनला गोळ्या घातल्या. ती बातमी एक दिवस आधी वाचली असती तर?"

तो काहीच बोलला नाही. टीव्ही बंद करून माझ्याबरोबर मटार सोलायला बसला. त्या दोघांच्या आयांना कुणी, काय सांगितलं असेल, हे मात्र मला अजून सुचत नाहीये.