वृद्धनिवासाविषयी कुटुंबाचे मत : अवसरी खुर्दच्या निमित्ताने

वृद्ध माणसांच्या संस्थात्मक निवासाविषयी कुटुंबांना काय वाटते, हा प्रश्न समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वरचेवर सुचतो. प्रश्नावली तयार होते, घरोघर जाऊन उत्तरे मिळविली जातात, आणि इतके अनुकूल व इतके प्रतिकूल असा कोष्टकबद्ध निष्कर्ष निघतो. या पद्धतीत एक गृहीत दडलेले असते. ते असे की, कुटुंबाला एकच मत असते आणि दारात भेटणारा माणूस ते सांगू शकतो. हे गृहीत तपासून पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनास एक गाव समोर असलेले बरे. आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द हे मंचरनजीकचे गाव. डिंभे धरणाच्या पाण्याने तालुक्याच्या पूर्व भागात बागायत वाढली. ऊस, बटाटा, कांदा ही येथील ओळखीची पिके. गावात २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जुन्नर-आंबेगावचा मुंबईशी संबंध जुना आहे. तेथील डबेवाल्यांपैकी अनेक जण याच पट्ट्यातले. अलीकडे चाकणचे कारखाने आणि पुण्याच्या नोकऱ्या यांनी तरुणांना ओढून घेतले. म्हणजे गाव ओस पडलेले नाही, शेती मोडलेली नाही, परंतु घरातील माणसे मात्र तीन ठिकाणी विभागलेली, अशी ही स्थिती आहे. वृद्धांच्या निवासाचा प्रश्न येथे नगरवासी मध्यमवर्गापेक्षा निराळ्या रूपात उभा राहतो.

प्रथम शब्दाविषयी. मराठीत ‘वृद्धाश्रम’ या एकाच नावाखाली निदान तीन प्रकारच्या संस्था येतात. पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह, म्हणजे आजचे ‘निवारा’, १८६३ पासूनचे. ते निराधारांसाठी निघाले. राज्य शासनाची वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना १९६३ ची आणि मातोश्री वृद्धाश्रमांची १९९५ ची. याउलट पुण्यात या शतकाच्या आरंभापासून उभ्या राहिलेल्या ‘अथश्री’सारख्या वसाहती स्वतःचे घर विकत घेऊ शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी आहेत, त्यांतील कित्येकांची मुले परदेशात असतात. तिसरा प्रकार साहाय्ययुक्त निवासाचा. येथे राहणाऱ्याची खोली त्याची असते, दिनक्रमही बऱ्याच अंशी त्याचा असतो. परंतु स्नान, वस्त्रे नेसणे, शौच, जेवण, चालणे-उठणे आणि वेळेवर औषध यांपैकी जे त्याला एकट्याने जमत नाही, त्यापुरता मदतनीस मिळतो. तो रुग्णालयही नव्हे आणि धर्मशाळाही नव्हे. २०२४ मध्ये महारेराने निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी दरवाजांची रुंदी, उद्वाहन, चाकांच्या खुर्चीची सोय यांचे किमान निकष घालून दिले, ही या प्रकाराला व्यवहारात मिळालेली मान्यताच होय.

परंतु खेड्यात ‘वृद्धाश्रम’ म्हणताच पहिलाच अर्थ उमटतो : ज्याला कोणी नाही, त्याची जागा. ‘आमच्यात तसे करीत नाहीत’ हे उत्तर म्हणूनच सेवेविषयीचे मत नसते. आपल्यावरील संभाव्य आरोपाचे ते आगाऊ खंडन असते. हे उत्तर ‘प्रतिकूल’ या रकान्यात घालणे म्हणजे नकार कशाला होता हे न पाहणे होय.

कुटुंब या संकल्पनेकडे वळल्यास गुंतागुंत वाढते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली, त्यांत एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि समान पूजाविधी यांचा अंतर्भाव होतो. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा गावाच्या अभ्यासात (१९६४) निवासापेक्षा परस्परांवरील कर्तव्यांना महत्त्व दिले. वेगवेगळ्या घरांत राहूनही कुटुंब एकत्र असू शकते, असा त्यांचा आशय. आपल्याकडील वाटणीची रीत पाहिली की दोहोंची सत्यता पटते. भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, सातबाऱ्यावर नावे वेगळी लागतात. आईबाप मात्र वाटता येत नाहीत म्हणून त्यांची पाळी लागते : एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. कोठे बाप एकाकडे आणि आई दुसऱ्याकडे, अशीही वाटणी होते. म्हातारपणी घर बदलत राहणे ही गोष्ट परंपरेला अपरिचित नाही. फक्त ते फिरणे भावकीच्या आत होते, म्हणून त्याला कोणी नाव ठेवीत नाही.

आता घरातील भूमिका वेगळ्या करून पाहू. कर्त्या मुलाला लोकापवादाची धास्ती असते, आणि त्याच्यापुढे दुसरी एक व्यावहारिक अडचण असते, जिचा उल्लेख अभ्यासांत क्वचित येतो. संस्थेचे शुल्क मासिक असते; शेतीचा पैसा हंगामी. कांद्याची पट्टी कधी आणि किती येईल हे न कळणाऱ्या घराला दरमहा ठरावीक रक्कम बांधून घेणे कठीण जाते. हा नकार संस्कारातून आलेला आहे असे समजणे सोपे असते, पण तो पुष्कळदा हिशेबातून आलेला असतो.

मुलीची बाजू वेगळी. आई आहे तोवर माहेर, ही समजूत अजून जिवंत आहे. आई संस्थेत गेली की भावाचे घर उरते, माहेर उरत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान हक्क दिला; तरी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देण्याची चाल मोडलेली नाही. हक्क सोडलेल्या मुलीला आईच्या व्यवस्थेविषयी बोलण्याचा अधिकारही सोडावा लागतो, हे तिला कोणी लेखी सांगितलेले नसते. कायदा मात्र तिला मुक्त करीत नाही. विजया अरबट विरुद्ध काशीराव सवाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये विवाहित मुलीवरही पित्याच्या निर्वाहाची जबाबदारी असल्याचे मान्य केले.

आणि सून. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे अंग पुसणे, रात्री उठून तिला कुशीवर वळविणे, मळलेली वस्त्रे धुणे ही कामे बहुतेक घरांत तिच्या वाट्याला येतात. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा अधिनियम मुलगा, मुलगी, नातू, नात यांना उत्तरदायी धरतो. सुनेचे नाव त्यात नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सून व जावई यांचा समावेश सुचविला होता, परंतु ते संमत झाले नाही. थोडक्यात, पैशाची जबाबदारी कायद्याने रक्ताच्या नात्यावर टाकली आहे, देहाच्या सेवेची जबाबदारी रूढीने विवाहाच्या नात्यावर. प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व विषयाचे मर्म येथे आहे. ज्या व्यक्तीला साहाय्ययुक्त निवासाने प्रत्यक्ष विश्रांती मिळेल, तिचेच मत ‘कुटुंबाचे मत’ म्हणून नोंदले जाण्याची शक्यता सर्वांत कमी. ती अनुकूल बोलली तर सासूला घालवू पाहणारी ठरते. म्हणून ती गप्प राहते, आणि तिचे मौन संमती म्हणून मोजले जाते.

वृद्धांच्या स्वतःच्या मनात जागेपेक्षा अंतराची भीती अधिक असावी. सोयीच्या संस्था पुण्यात; तेथे गेल्यावर गावची यात्रा, पारावरची ओळखीची माणसे, आणि शेवटी गावच्या स्मशानातली आपली जागा यांचे काय, हा त्यांचा प्रश्न असतो. तो भावुक म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. उपरोक्त अधिनियमाच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निर्धन वृद्धांची सोय होईल असे गृह असावे, अशी कल्पना आहे. पुणे जिल्ह्याच्या विस्तारात एखादे गृह म्हणजे आंबेगावच्या म्हाताऱ्याला परगावच.

स्मृतिभ्रंश झाला की सर्वच मते ढळतात. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्यांचा वावर आहे. ज्या वृद्धाला आपले घर कोणते याचे भान राहिलेले नाही, तो पहाटे कडी काढून वस्तीबाहेर पडला तर विहीर, रस्ता आणि ऊस यांपैकी कशाकडे आधी धावावे, हे घरच्यांना कळत नाही. मग दाराला बाहेरून कुलूप लागते. घरात ठेवून कुलपात ठेवणे आणि संस्थेत ठेवून मोकळे फिरू देणे, यांतील निवड कोणत्याही प्रश्नावलीत सहसा नसते. ती असली तर ‘आमच्यात तसे करीत नाहीत’ हे उत्तर इतक्या सहज येईल असे वाटत नाही.

प्रबंधासाठी हा विषय घेणाऱ्यांनी म्हणून एका घरातून एकच उत्तर घेऊ नये. मुलगा, सून, सासरी असलेली मुलगी आणि स्वतः वृद्ध व्यक्ती यांना निरनिराळे भेटावे. सुनेशी बोलताना घरातील इतर माणसे जवळ बसलेली नसावीत, आणि त्यासाठी स्त्री-अभ्यासक असणे सोयीचे. ‘वृद्धाश्रम’ हा शब्द संभाषणाच्या आरंभी उच्चारू नये. खोली, मदतनीस, अंतर, खर्च यांचे वर्णन करून मत विचारावे. आणि मताच्या आधी एक साधी माहिती विचारून ठेवावी : गेल्या आठवड्यात रात्री कोण उठले, आणि किती वेळा.