काच पुसण्याआधी आत्याबाईंना विचारा



दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून एक चूक झाली. ती आज सांगते, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही.

आमच्या घरी सासऱ्यांनी घेतलेला व्हॉल्व्हचा लाकडी रेडिओ आहे. चालू केला की आधी तापतो, मग बोलतो. त्याच्या डायलची दोरी तुटली होती. मेकॅनिकनं काच सोडवून बाजूला ठेवली. मला वाटलं, मळलीच आहे, धुऊन टाकू. साबणाच्या पाण्यानं दोन्ही बाजूंनी पुसली. काच लख्ख झाली, पण अर्धी नावं फडक्यावर आली!

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता पुणं कुठं शोधू गं?" त्यांना वाचता येत नाही. पण कुठल्या नावाच्या किती बोटं अलीकडं काटा आणायचा, हे पक्कं ठाऊक होतं. ती काच म्हणजे त्यांची पाटी होती, आणि ती मीच पुसली.

आता हे असं का झालं ते समजून घेऊ. जुन्या डायलवरची अक्षरं बहुतेक वेळा काचेच्या आतल्या बाजूला रंगानं छापलेली असतात. वर्षानुवर्षं दिव्याच्या उबेनं तो रंग सुटत जातो. म्हणून पहिला नियम : बाहेरची बाजू किंचित ओल्या कापडानं पुसा, आतल्या बाजूला पाणी, साबण, स्पिरिट काही लावू नका. तिथली धूळ मऊ कोरड्या ब्रशनं हलकेच झाडा, आणि रंग सुटताना दिसला तर थांबा.

दुसरा नियम : हात लावण्याआधी मोबाइलवर काचेचा समोरून सरळ फोटो काढा.

तिसरा नियम जिवाचा आहे. असा रेडिओ स्वतः उघडू नका. आत दोनशे व्होल्टच्या वर वीज असू शकते, आणि प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये ती साठून राहू शकते. ते काम जाणत्या मेकॅनिकचंच.

मग आमची काच कशी सुधारली? उरलेली अक्षरं ट्रेसिंग पेपरवर उतरवली. बॅटरीचा उजेड तिरका टाकला, तेव्हा पुसलेल्या काही नावांच्या पुसट खुणा दिसल्या. मेकॅनिकनं तशाच दुसऱ्या रेडिओचा फोटो दिला. जिथं अडलं, तिथं आत्याबाईंनी बोट ठेवलं. डीटीपीच्या दुकानात आधी साध्या कागदावर छापून काचेला लावून पाहिलं, कारण थोडं जरी माप चुकलं तरी स्टेशन सरकतं. मग पारदर्शक फिल्मवर लेझर प्रिंट काढून, शाईची बाजू काचेकडे ठेवून, कडेला चिकटपट्टीनं बसवलं. आमची अक्षरं काळी होती म्हणून हे जमलं. पांढरी किंवा सोनेरी अक्षरं साध्या प्रिंटरवर निघत नाहीत.

शेवटी काट्याची जागा. बटण फिरवलं की दोरी काट्याला ओढते आणि आतला गँग कंडेन्सरही फिरवते. दोन्हींचा मेळ बसला नाही तर काटा खोटं सांगतो. तपासायला ओळखीचं स्टेशन लावा. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर आहे. जुन्या डायलवर मीटरचे आकडे असतात, म्हणून ३,००,००० ला ७९२ नं भागा : सुमारे ३७९ मीटर. पुणं लागलेलं असताना काटा ३८० च्या जरा आत हवा. नसेल, तर मेकॅनिककडून दोरीवर सरकवून घ्या.

आमचा काटा बसला, तेव्हा आत्याबाईंनी न बघताच बटण फिरवलं आणि पुणं लावलं. मग काचेवर बोटं ठेवून मोजलं आणि म्हणाल्या, "बरोबर हाय."

मैत्रिणींनो, त्या रेडिओवर आपलं हे एफएम केंद्र लागत नाही, म्हणून आत्याबाई आत्ता माझ्या मोबाइलवर ऐकतायत. तुमच्या घरातलं जुनं काही पुसायला घ्याल, तेव्हा ते रोज वापरणाऱ्या बाईला आधी विचारा. येते मी, नमस्कार.