खोट्या नोटेची पारख

तेलंगणाच्या सीमेलगत असलेले नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते, आणि जेथे शेतमालाचा पैसा रोखीने हातोहात फिरतो तेथे बनावट नोटेचा फटका, दुर्दैवाने, ती शेवटी ज्याच्या हाती उरते त्या निरपराध माणसाला बसतो. पाचशेची खरी नोट करड्या रंगाची, 66 मिमी रुंद व 150 मिमी लांब असते. ती तिरपी केली की सुरक्षा धागा, म्हणजे कागदातच ओवलेली व ‘भारत’ अशी अक्षरे असलेली पट्टी, हिरव्याची निळी दिसते, तर उजेडासमोर धरल्यास कोऱ्या भागात जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच उमटवलेली गांधीजींची प्रतिमा, स्पष्ट होते. रंगीत झेरॉक्सला सहसा न साधणारी गोष्ट म्हणजे उठावाची छपाई: अशोकस्तंभ आणि दोन्ही कडांवरील पाच-पाच तिरप्या रेषा बोटाला जाणवतात, म्हणूनच दृष्टिहीनांनाही नोट पारखता येते.

बँकेत खोटी ठरलेली नोट शिक्का मारून जप्त होते व तिचा मोबदला मिळत नाही, मात्र पोचपावती मिळते आणि ती आवर्जून घ्यावी. एका व्यवहारात अशा चारपर्यंत नोटा आढळल्यास बँक महिनाअखेर पोलिसांना एकत्रित अहवाल पाठवते, पाच किंवा अधिक असल्यास लगेच गुन्हा नोंदवण्यासाठी कळवते. त्यामुळे एखादी नोट घेऊन बँकेत जाण्यास घाबरण्याचे कारण नाही. याउलट, खोटी आहे हे ठाऊक असूनही ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 179 नुसार जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंतचा कारावास होऊ शकतो.